सुभानपुऱ्यातील उन्हाळा आणि बंद पडलेला एसी : काय करावे, काय टाळावे

सयाजीराव गायकवाड महाराजांचे बडोदे हे मराठी माणसासाठी परके शहर नाही. गोव्यातील कित्येक कुटुंबांचेही तेथे नातेसंबंध आहेत. शहराच्या पश्चिमेकडील सुभानपुरा ही गोरवा आणि इलोरा पार्क यांच्या शेजारची दाट निवासी वसाहत. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागांतील वाड्यांना जाड भिंती, उंच छत आणि मधला चौक असे. सुभानपुऱ्यातील घरे मुख्यतः सिमेंटच्या स्लॅबची, पातळ भिंतींची आणि मोठ्या खिडक्यांची आहेत. मे महिन्यात बडोद्याचे दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाणे नित्याचेच. अशा घराला उष्णतेपासून वाचविण्याचे काम वास्तूपेक्षा यंत्रच अधिक करते. त्यामुळे यंत्र बंद पडले की उन्हाळा घरात शिरण्यास वेळ लागत नाही.

एसी नेमका भर उन्हाळ्यात बंद पडतो, कारण त्याच काळात त्याच्यावर सर्वाधिक ताण असतो. त्याच काळात तंत्रज्ञांकडे कामाची रांग लागलेली असते. दुरुस्तीसाठी दोन ते चार दिवस थांबावे लागणे अपवादात्मक नाही. हे दिवस तरुण, धडधाकट माणसाला गैरसोयीचे असतात. मुले परगावी असलेल्या वृद्ध दांपत्याला ते धोक्याचे ठरू शकतात. बारा महिने गार खोलीत राहणाऱ्या शरीराला उष्णतेची सवय उरलेली नसते आणि ती सवय लागण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून यंत्राआधी माणसांचा विचार करणे इष्ट.

धोका किती खरा आहे

बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादने मे २०१० मध्ये ४६.८ अंशांचे तापमान अनुभवले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून बोध घेऊन अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो अशा प्रकारचा पहिला आराखडा होय. पूर्वसूचना, पाणी, सावली आणि शेजाऱ्यांची विचारपूस ही त्याची साधने साधीच होती. त्याच अहमदाबादमध्ये २० मे २०१६ रोजी पारा ४८ अंशांवर पोहोचला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते राहत्या खोलीचे तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली असावे. लहान मुले, साठीपुढील व्यक्ती आणि दीर्घकालीन आजारी यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचे. बडोद्याच्या मे महिन्यात एसीविना रात्री २४ अंश गाठणे अवघड असते. दिवसभर तापलेले शरीर रात्रीही निवले नाही, तर दुसऱ्या दिवशी ताण वाढतो. म्हणून अशा दिवसांत दुपारइतकीच रात्रीचीही काळजी घ्यावी लागते.

तंत्रज्ञाला बोलाविण्यापूर्वी

काही दोष घरच्या घरी तपासता येतात. रिमोटची बॅटरी आणि निवडलेला प्रकार पाहावा; यंत्र केवळ पंख्यावर किंवा आर्द्रता घटविण्याच्या प्रकारावर चालू असू शकते. धुळीने गच्च झालेली जाळी हवा अडवते आणि आतल्या नळ्यांवर बर्फ साचतो. अशा वेळी यंत्र बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्यावा, जाळी पाण्याने धुऊन वाळवावी आणि मग चालू करावे. गच्चीवरील किंवा सज्जातील बाहेरच्या भागाभोवती सामान रचलेले असल्यास ते हलवावे. यंत्र बंद केल्यावर ते पुन्हा सुरू करण्याआधी किमान पाच मिनिटे थांबावे.

एमसीबी पडली असेल तर ती एकदाच वर करावी. ती पुन्हा पडली तर दोष विजेच्या मार्गात आहे असे समजून यंत्राला हात लावू नये. बाहेरच्या भागातील कपॅसिटर हा बिघाडाचा नेहमीचा धनी असतो. परंतु वीज बंद केल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून झाकण घरी उघडू नये. जळका वास, ठिणगी किंवा वितळलेली वायर दिसल्यास मुख्य स्विच बंद करणे हाच पहिला उपाय.

‘गॅस संपला आहे’ हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात ऐकू येते. एसीतील शीतक वायू बंद नळीत फिरतो. इंधनाप्रमाणे तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती शोधून बंद न करता वायू भरल्यास तेच बिल पुन्हा भरावे लागते. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य ज्वालाग्राही आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, अधिक ज्वालाग्राही. असे यंत्र प्रशिक्षित माणसाकडूनच हाताळून घ्यावे आणि काम चालू असता खोलीत हवा खेळती ठेवावी. हमीकाल शिल्लक असल्यास यंत्र अन्य कोणाकडून उघडून घेऊ नये. बदललेला भाग आणि त्याची किंमत नोंदविलेली पावती घ्यावी. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर करता येते.

दुरुस्ती होईपर्यंतचे घर

संपूर्ण घर गार ठेवण्याचा प्रयत्न सोडावा आणि एक खोली निवडावी. सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत या दोन्ही जागा टाळाव्यात. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब संध्याकाळनंतर कित्येक तास उष्णता आत सोडत राहतो. तळमजल्यावरील, उत्तरेची किंवा पूर्वेची खोली सहसा बरी ठरते. वरच्या मजल्यावरील वृद्धांनी दोन रात्री खालच्या शेजाऱ्यांकडे काढल्यास त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

खिडक्यांचा नियम सोपा आहे : बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर त्या बंद, गार झाली की समोरासमोरच्या दोन्ही उघड्या. बडोद्यात सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावून रात्री उशिरा उघडणे बहुधा योग्य ठरते. घरात एक आणि सावलीत बाहेर एक असे दोन साधे तापमापक असले की अंदाजावर विसंबावे लागत नाही. काचेच्या आतील पडद्यापेक्षा काचेबाहेरचे चिक किंवा कापड अधिक उपयोगी, कारण ते ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्यास स्लॅब कमी तापतो. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमध्ये हाच मार्ग अवलंबिला. दुपारी शेगडी, इस्त्री आणि ओव्हन बंद ठेवावेत.

छताच्या पंख्याला मर्यादा आहे. पंखा हवा गार करीत नाही. तो घाम वाळवितो. हवा शरीरापेक्षा गरम झाली की तीच हवा अंगावर उष्णता आणून टाकते. ४० अंशांच्या पुढे पंख्याने शरीर तापू लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. अशा वेळी अंग, मान आणि हात ओल्या कापडाने पुसत राहावे, म्हणजे पंख्याला वाळविण्यासाठी पाणी मिळते.

कूलर : बडोद्यात वरदान, गोव्यात भार

एसीला पर्याय म्हणून कूलर आणावा का, याचे उत्तर हवेतील ओलाव्यावर अवलंबून आहे. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो. म्हणून हवा जितकी कोरडी तितका तो प्रभावी. मे महिन्यातील दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा सिद्धान्ततः २४ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात चांगला कूलर २८–२९ अंशांची हवा देतो. वाळ्याचे पडदे भिजवून दारात लावण्याची जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असता हीच मर्यादा २८ अंशांवर अडते. कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि खोलीत ओलावा भरून घाम वाळणेही थांबवितो. त्यामुळे बडोद्याच्या नातेवाइकांचा सल्ला ऐकून गोव्यात कूलर विकत घेणे शहाणपणाचे नाही. येथे खेळती हवा, पंखा आणि दिवसातून दोन-तीनदा अंघोळ हेच उपाय श्रेयस्कर. खुद्द बडोद्यातही जूनच्या उत्तरार्धात पावसाळी हवा आली की कूलरचा उपयोग ओसरतो.

कूलर लावताना खिडक्या बंद करण्याची चूक सर्रास होते. एसीला बंद खोली लागते. कूलरला मात्र ओली हवा बाहेर जाण्यास वाट लागते, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी हवी. लोखंडी पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असल्याची खात्री करावी आणि प्लग काढूनच पाणी भरावे. ओल्या हातांनी कूलरला स्पर्श झाल्याने जिवावर बेतू शकते. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उपसून टाकी घासावी, अन्यथा तेथे डेंग्यूचे डास वाढतात.

माणसांची काळजी

वृद्धांना तहान उशिरा जाणवते आणि घामही कमी येतो. म्हणून तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी द्यावे. बडोद्यातील छाश आणि वरियाळीचे सरबत, आपल्याकडील कोकम सरबत, सर्वत्रचे पन्हे आणि माठातील पाणी यांत उत्तम सोय आहे. घाम फार गेला असल्यास ओआरएस घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा असे सपाट छोटे चमचे मिसळावेत. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी मीठ आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढविणारी आणि काही मानसोपचाराची औषधे उष्णतेचा त्रास वाढवितात. तथापि ती स्वतःहून बंद करू नयेत.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे ही थकव्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीला गार जागी झोपवून, कपडे सैल करून घोटघोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले, झटके आले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुजरात आणि गोवा या दोन्ही राज्यांत हा क्रमांक चालतो. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा आणि मान, काखा व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही.

उन्हाळ्यापूर्वीची तयारी

फेब्रुवारी अखेरपर्यंत यंत्राची सफाई करून घ्यावी. मे महिन्यातील रांगेत उभे राहण्याची वेळ बहुधा येत नाही. यंत्र १८ अंशांवर चालविण्याऐवजी २४ ते २६ वर ठेवून सोबत मंद पंखा लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनुसार तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. यंत्रावरील ताण कमी होतो आणि शरीराचीही उष्णतेशी ओळख राहते.

सुभानपुऱ्यात किंवा अन्यत्र वृद्ध आईवडील एकटे राहत असतील, तर परगावच्या मुलांनी शेजाऱ्यांपैकी एकाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. एसी बंद असलेल्या दिवसांत सकाळी आणि रात्री असा दोनदा फोन करावा. ‘बरे आहे’ एवढ्यावर न थांबता किती पाणी प्यायले, कोणत्या खोलीत झोपले आणि तेथील तापमान किती आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर दुरुस्तीची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी गार घरी हलवावे.