एकाच कड्यावरचे दोन शेजारी

अमेरिकेत आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात मिसिसिपीच्या काठाने चुनखडीचे उंच कडे उभे आहेत. हिवाळ्यात नदी गोठली, की धरणांखालच्या मोकळ्या पाण्यावर पांढऱ्या डोक्याचे गरुड मासे टिपायला जमतात आणि ते पाहायला माणसं लोटतात. त्याच डोंगरउतारांवर, पालापाचोळ्याखाली, जेमतेम 8 मिलिमीटर रुंदीचा शंख वागवत ‘आयोवा प्लाइस्टोसीन’ नावाची गोगलगाय राहते. तिच्यासाठी कुणी दुर्बीण आणत नाही.

गरुडाची कीर्ती जुनी. 1782 मध्ये तो राजमुद्रेवर चढला, पण ‘राष्ट्रीय पक्षी’ हा अधिकृत दर्जा मिळायला 2024 चा डिसेंबर उजाडावा लागला! मुद्रेवरच्या मानाने त्याचा जीव मात्र वाचला नाही. मासेमारीच्या व्यवसायाचा शत्रू ठरवून अलास्कात 1917 पासून साडेतीन दशकं त्याच्या शिकारीवर सरकारी बक्षीस होतं. लाखाहून अधिक गरुड मारले गेले. पुढे डीडीटी हे कीटकनाशक आलं. माशांवाटे ते गरुडाच्या पोटात जाई, अंड्यांचं कवच पातळ होई आणि उबवायला बसलेल्या मादीच्याच वजनाने अंडी फुटत. 1963 मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवरच्या राज्यांत घरटी करणाऱ्या जेमतेम 417 जोड्या सापडल्या.

गोगलगाईला तर लोकांनी आधी मेलेलीच धरलं होतं. 1928 मध्ये तिचं वर्णन झालं ते जीवाश्म म्हणून, हिमयुगातली नामशेष जात म्हणून. 1955 मध्ये ती आयोवात जिवंत सापडली. ती टिकली कशी, हे उतारांच्या रचनेत दडलं आहे. वरच्या पठारावरच्या विवरांतून हवा आत शिरते, खडकाच्या पोटातल्या बर्फावरून जाते आणि खालच्या फटींतून गार होऊन बाहेर पडते. भर उन्हाळ्यातही तिथली माती 10 अंशांच्या आसपास राहते. बाहेरचं हिमयुग संपून हजारो वर्षं लोटली. या फटींपाशी मात्र त्याचा एक तुकडा शिल्लक आहे.

1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली 1978 मध्ये गोगलगाय यादीत आली, आणि दक्षिणेत आधीच मिळालेलं गरुडाचं संरक्षण त्याच वर्षी मुख्य भूमीवरच्या सर्व 48 राज्यांत लागू झालं. कायदा एकच, तरी तराजू अगदी समान नव्हता. अलास्कात गरुड विपुल असतानाही उरलेल्या राज्यांपुरतं त्याला संरक्षण देता आलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशी प्रदेशापुरती सवलत फक्त कणा असलेल्या प्राण्यांना उरली. गोगलगाईसारख्या जिवांना संरक्षण हवं असेल, तर अख्खी जात किंवा उपजातच संकटात असावी लागते.

उपायांत तर आणखी फरक पडला. 1972 मध्ये शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं आणि गरुड स्वतःच्या पंखांनी परतला. आयोवात सात दशकांच्या खंडानंतर 1977 मध्ये पुन्हा घरटं दिसलं. 2007 मध्ये तो यादीबाहेर पडला, तेव्हा मुख्य भूमीवर सुमारे 9,800 जोड्या होत्या.

गोगलगाय उडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. जंगलतोड, गुरांची चराई, खाणकाम यांनी उतार उघडा पडला किंवा शेतातला राडारोडा टाकून वरचं विवर बुजवलं, की तिची गार हवा बंद. म्हणून तिच्यासाठी एकेक उतार विकत घ्यावा लागतो, कुंपण घालावं लागतं. 1989 मध्ये तिथे ‘ड्रिफ्टलेस एरिया’ राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झालं. सुटे दगड पायाखाली सरकून फटी बुजू नयेत, म्हणून हे उतार पर्यटकांना बंद ठेवले आहेत.