तळटीप : नारायणगावचे फड आणि जातीची रेघ

नारायणगावच्या राहुट्या : गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड जुन्नर तालुक्यातील नारायणगावात राहुट्या टाकतात. जुन्नर-आंबेगावसह लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले तिथे बसून खेळाची तारीख आणि सुपारी ठरवतात. साऱ्या जातींचा गाव तमाशा पाहतो, मग जातिभेद उरला कुठे, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रेक्षकांची सरमिसळ होणे वेगळे आणि कलावंताला बरोबरीचा मान मिळणे वेगळे. मांग समाजातील भाऊ-बापूंच्या फडातून पुढे आलेल्या विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले, तरी त्यांची अखेर हलाखीत झाली. २००२ मध्ये त्या वारल्या. राज्य शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू केला. शाहीर पठ्ठे बापूराव ब्राह्मण असूनही फडात आले, हा दाखलाही पुरेसा नाही. त्यासाठी त्यांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला. तमाशाचा धंदाच बेभरवशाचा, हे खरे. परंतु ती जोखीम पिढ्यानपिढ्या कोणी उचलायची, हे बव्हंशी जातीनेच ठरवले. म्हणून समावेशनाचे मोजमाप पदकांवरून न करता मानधन, निवृत्तिवेतन आणि निवड समित्यांतील जागा यांवरून करावे.