पंचाचा शब्द आणि यंत्राचा डोळा

न्यायाधीशाला आपल्या निकालाची कारणे लिहून द्यावी लागतात. मैदानावरील पंचाला ती सांगावी लागत नाहीत. त्याने बोट उंचावले की फलंदाजाने निमूटपणे तंबूची वाट धरावी, हा क्रिकेटचा जुना शिरस्ता. न्यायालयाचा निकाल मान्य नसेल तर वरच्या न्यायालयाचे दार ठोठावता येते. पंचाच्या निकालाला मात्र असे दारच नव्हते. हे दार कसे उघडले, हा गेल्या काही दशकांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे आणि त्यातील काही महत्त्वाच्या पानांवर मुंबईचे नाव आहे.

पहिले पान १९८० च्या फेब्रुवारीतील. वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. अशा वेळी यष्टिरक्षक बॉब टेलर यांना पंच हनुमंतराव यांनी झेलबाद ठरवले. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनी टेलर यांना परत बोलावले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथ यांचे औदार्य अजून गौरवाने सांगितले जाते. तथापि त्यातील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही: पंचाची चूक दुरुस्त झाली ती प्रतिपक्षाच्या कृपेने. टेलर यांना स्वतःला ती दुरुस्ती मागण्याचा अधिकार नव्हता.

जिथे अशी कृपा लाभत नाही तिथे काय घडते, ते पुढच्याच वर्षी मेलबर्नला दिसले. लिली यांच्या चेंडूवर सुनील गावसकर यांना ७० धावांवर पायचीत देण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे त्यांचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्यांनी आपले सहकारी चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर चालण्यास सांगितले. संघाच्या व्यवस्थापकांनी चौहान यांना सीमारेषेवर थोपवले म्हणून सामना वाचला आणि अखेरीस भारताने तो जिंकलाही. गावसकरांच्या त्या वर्तनाचे समर्थन कोणी करू नये. पण दाद मागण्याची सोयच नसेल तर माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर बाहेर पडतो, हेही विसरू नये.

पहिला उपाय यंत्राचा नव्हता, माणसाचाच होता. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीसाठी भारतातून दोन तटस्थ पंच नेण्यात आले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. यामुळे पक्षपाताचा संशय दूर झाला. पण तटस्थ माणसाची नजर चुकत नाही असे थोडेच आहे?

यंत्राचा डोळा आला तो १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये, दक्षिण आफ्रिकेत. डरबनच्या कसोटीत मैदानावरील पंचांनी चित्रफीत पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाला विचारणा केली आणि या पद्धतीने धावचीत ठरलेला पहिला फलंदाज होता एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्यानंतरच्या जोहान्सबर्गच्या कसोटीत मात्र जाँटी ऱ्होड्स यांच्या धावचीतच्या अपिलावर पंच बकनर यांनी तिसऱ्या पंचाला विचारलेच नाही. यंत्र होते, पण ते वापरायचे की नाही, हे ठरवणे पंचाच्या हाती होते.

तो अधिकार खेळाडूच्या हाती आला २००८ साली. त्या वर्षी भारताच्या श्रीलंका दौऱ्यात निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत कसोटीत प्रथम अजमावली गेली आणि २००९ मध्ये ती रीतसर सुरू झाली. गंमत अशी की ज्या संघाच्या सामन्यांत ही पद्धत प्रथम अवतरली, त्याच्याच नियामक मंडळाला तिचा विश्वास वाटेना. चेंडूचा पुढचा मार्ग रेखाटणारे यंत्र अचूक नाही, अशी मंडळाची तक्रार होती. दोन देशांमधील मालिकांपुरता हा विरोध २०१६ साली राजकोटच्या कसोटीपर्यंत टिकला. दरम्यान २०११ च्या विश्वचषकात ही पद्धत होती. मोहालीच्या उपान्त्य सामन्यात पाकिस्तानच्या सईद अजमल यांच्या चेंडूवर तेंडुलकर यांना पायचीत देण्यात आले. त्यांनी दाद मागितली आणि निर्णय फिरला. डरबनला ज्या यंत्राने त्यांना बाद ठरवले होते, त्याच्याच भावंडाने मोहालीला त्यांना वाचवले.

आता हीच लाट अमेरिकेच्या बेसबॉलपर्यंत पोहोचली आहे. त्या खेळात फलंदाजापुढे १७ इंच रुंदीची पाटी असते. तिच्यावरून, फलंदाजाचे गुडघे आणि छाती यांच्या दरम्यानच्या उंचीने चेंडू गेला आणि त्याने तो सोडला तर ‘स्ट्राइक’. त्या पट्ट्याबाहेरून गेला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला तळ फुकट. हा हिशेब १८८९ पासून चालत आला आहे आणि यष्टिरक्षकासारखा बसणारा जो कॅचर, त्याच्या पाठीमागे उभा असलेला पंच डोळ्यांच्या अंदाजाने तो करीत आला. दुय्यम स्पर्धांत दोन्ही रीती अजमावल्या गेल्या: प्रत्येक चेंडू यंत्रानेच ठरवावा, किंवा पंचाने ठरवावा आणि शंका आल्यास खेळाडूने यंत्राकडे दाद मागावी. २०२६ च्या हंगामासाठी सर्वोच्च स्पर्धेने दुसरी रीत स्वीकारली. प्रत्येक संघाला दोन वेळा दाद मागता येते. दाद खरी ठरली तर ती शिल्लक राहते. डोक्यावरच्या टोपीला हात लावला की दाद दाखल!

यात एक सूक्ष्म भेद आहे. बेसबॉलचे यंत्र चेंडू कुठून गेला हे मोजते. क्रिकेटच्या पायचीतमध्ये पायाने अडवलेला चेंडू कुठे गेला असता, याचा तर्क यंत्राला करावा लागतो. म्हणूनच यष्टीला चेंडू निसटता लागत असल्याचे यंत्राने दाखवले तर क्रिकेटमध्ये पंचाचा मूळ कौल कायम राहतो. कित्येकांना हे विचित्र वाटते. वस्तुतः आपल्या ज्ञानाची मर्यादा कबूल करणारा नियम हा प्रामाणिक नियम होय.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. जैनथचा शेतकरी कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजारात उभा राहतो, तेव्हा पूर्वी कापूस मुठीत दाबून जो अंदाज होई, तो आता ओलावा मोजणारे यंत्र करते. ८ टक्क्यांच्या वर ओलावा भरला की भावात कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावाने खरेदीच नाही. आकडा समोर दिसतो, हा लाभ खराच. पण गाडीच्या वरच्या थरातील कापूस मोजला की तळाचा, आणि पुन्हा मोजा असे म्हणण्याचा हक्क त्या शेतकऱ्याला आहे की नाही, यावरच त्या आकड्याचे मोल ठरते.

यंत्राने पंचाची प्रतिष्ठा हिरावून घेतली, असा खेद काही जुनी मंडळी करतात. चूक दाखवता येते आणि ती दुरुस्तही होते, म्हणून प्रतिष्ठा जात नाही. उलट दाद न मागता मिळालेल्या मानापेक्षा तपासून टिकलेला मान अधिक भक्कम असतो. विश्वनाथ यांच्यासारखे कर्णधार शतकात एखादेच निपजतात. इतरांना न्याय मिळायचा असेल, तर तो कोणाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून ठेवून चालणार नाही. त्यासाठी नियमच हवा.