समुद्रापार गेलेली ईदी

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात मोठा भूकंप झाला. पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली, लाखो कुटुंबे ऐन थंडीत उघड्यावर आली. त्यानंतर दीड महिन्याने रमजान सुरू झाला. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनी त्या महिन्यात वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवला आणि त्याच्या झाकणाला खाच पाडली. आमची मुले कोणत्या घरांतून येतात हे आम्ही रोज पाहतो. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई घरबसल्या साड्यांना टिकल्या लावते. तरीही डबा भरला. आम्ही मुलांसमोर पैसे मोजले, एका मदत संस्थेकडे दिले आणि पावती वर्गात चिकटवली.

ईदेनंतर सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, वो पैसे पहुंचे क्या?"

आमच्याजवळ पावती होती, उत्तर नव्हते.

हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांनीही याच तुर्कस्तानातल्या बेघर कुटुंबांसाठी ईदेच्या दिवशी झोळी फिरवली होती. त्या पैशाचे पुढे काय झाले, ही हकिकत आपल्याकडे सहसा अर्धीच सांगितली जाते. ईमान आणि त्यागाचा भाग जलशांतून रंगवला जातो, हिशेबाचा भाग राहून जातो. येथे आम्ही दोन्ही भाग मांडणार आहोत.

१९१२ ची बकरी ईद

ऑक्टोबर १९१२ मध्ये बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो या चार राज्यांनी उस्मानी साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले. काही आठवड्यांतच युरोपातला बहुतेक सगळा उस्मानी मुलूख गेला. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मुसलमान कुटुंबे बैलगाड्यांत अंथरुणे आणि भांडी टाकून इस्तंबूलकडे निघाली. शहरातल्या मशिदी निर्वासितांनी भरल्या. त्यातच पटकीची साथ आली. या युद्धांमुळे घर सोडून उस्मानी मुलखात आश्रयाला आलेल्यांची संख्या सुमारे चार लाखांवर गेली.

या बातम्या हिंदुस्थानात पोहोचवल्या त्या वर्तमानपत्रांनी. मौलाना मोहम्मद अली यांचे 'कॉम्रेड', मौलाना आझाद यांचे 'अल-हिलाल', लाहोरचे जफर अली खान यांचे 'जमीनदार' ही पत्रे लोक चौकात वाचून घेत. ज्याला वाचता येई तो वाचे, बाकीचे ऐकत. या पत्रांनी मदतीची हाक दिली आणि तिला मिळालेला प्रतिसाद आजही थक्क करतो. अलीगढ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जेवणाचा खर्च कमी करून वाचलेले पैसे फंडाला दिले. देवबंदमध्ये मौलाना महमूद हसन यांनी दारुल उलूमचे वर्ग काही काळ बंद ठेवले. उस्ताद आणि विद्यार्थी गावोगाव वर्गणीसाठी निघाले आणि स्वतः मौलानाही त्यांत होते. जफर अली खान आपल्या पत्राने जमवलेली रक्कम घेऊन स्वतः इस्तंबूलला गेले.

याच गडबडीत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बकरी ईद आली आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. या वर्षी कुर्बानी न करता जनावराची किंमत तुर्की पीडितांना पाठवली तर चालेल का? मौलाना शिबली नोमानी यांनी कुर्बानीची रक्कम तुर्कांच्या मदतीला देण्याच्या बाजूने मत दिले. हे मत सगळ्यांना पटणे शक्य नव्हते. हनफी मजहबात ऐपतदारावर कुर्बानी वाजिब आहे आणि ईदेच्या दिवसांत रोख रक्कम तिची जागा घेऊ शकत नाही. आमच्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांच्याकडे कुर्बानी सुन्नते मुअक्कदा मानली जाते, तरी म्हणून ती सहज सोडून द्यावी असे कुणी शिकवत नाही.

आम्हांला या वादाचा निकाल लावायचा नाही. तो आमचा अधिकारही नाही. परंतु हा वाद झाला, हीच मोठी गोष्ट आहे. ज्या माणसांनी कधी इस्तंबूल पाहिले नव्हते, ती माणसे आपल्या सर्वांत जवळच्या इबादतीविषयी हा प्रश्न विचारत होती. भुकेल्या कुटुंबाचा हक्क कुठपर्यंत पोहोचतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. एक मधला मार्ग मात्र कोणत्याही वादाविना खुला होता, तो कुर्बानीच्या चामड्याचा. चामडे कसायाला मजुरी म्हणून देता येत नाही, ते सदका करता येते. उस्मानी राज्यात तर दमास्कसहून मदिनेला जाणाऱ्या हिजाज रेल्वेसाठी, म्हणजे १९०० ते १९०८ च्या बांधकामाच्या काळात, ईदेची चामडी गोळा केली गेली होती. मदरशाची मुले ईदेच्या दुपारी सायकलवरून चामडी गोळा करताना आपण लहानपणी पाहिली आहेत. त्या रिवाजाला एवढा मोठा इतिहास आहे. आज बकऱ्याच्या चामड्याला कवडीमोल भाव येतो, म्हणून ते दृश्यही कमी होत चालले आहे.

मुंबईहून निघालेले पथक

ती ईद होऊन महिनाही झाला नव्हता, तोच १५ डिसेंबर १९१२ रोजी मुंबई बंदरातून एक वैद्यकीय पथक तुर्कस्तानला निघाले. प्रमुख होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. बरोबर मोजके डॉक्टर आणि शुश्रूषेसाठी तरुण स्वयंसेवक, त्यांतले बरेचसे अलीगढचे. चौधरी खलीकुज्जमाँ, शुएब कुरेशी, अब्दुर्रहमान सिद्दीकी ही पुढे गाजलेली नावे त्यांत होती. पेशावरचा अब्दुर्रहमान हा तरुण तर परत आलाच नाही. तो तुर्कांच्याच सेवेत राहिला आणि पुढे अंकाराच्या सरकारने त्याला काबूलला आपला वकील म्हणून पाठवले.

पथकाने इस्तंबूलजवळ ओमेरली येथे इस्पितळ उभारले. जखमी सैनिकांवर उपचार केले आणि निर्वासितांना अनातोलियात कसे वसवता येईल याचाही विचार केला. परंतु आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. डॉ. अन्सारी तिथून नियमित पत्रे लिहीत आणि ती 'कॉम्रेड'मध्ये छापून येत. काय काम चालू आहे, काय अडचणी आहेत, हे त्यांत असे. जुलै १९१३ मध्ये पथक परत आले तोपर्यंत देणाऱ्याला आपल्या पैशाची वाट कळत राहिली. आमच्या वर्गातल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी छापून येत होते.

भायखळ्यातील कार्यालय

दुसरी हकिकत पहिल्या महायुद्धानंतरची. १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, उतरले आणि पुन्हा गावेच्या गावे उठली. त्याच वर्षी मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली. लाकडाचे मोठे व्यापारी मियाँ मोहम्मद हाजी जान मोहम्मद छोटानी तिचे अध्यक्ष. भायखळ्याच्या लव्ह लेनमधले खिलाफत हाऊस याच चळवळीची आठवण आहे. मुंबईकर वाचकांना ते मिलादच्या जुलूसामुळे ठाऊक असेलच.

येथून दोन फंड चालवले गेले. एक स्मर्ना फंड, पीडितांसाठी. दुसरा अंगोरा फंड, मुस्तफा कमाल यांच्या अंकारा सरकारसाठी. अली बंधूंच्या मातोश्री बी अम्माँ उतारवयात गावोगाव फिरल्या. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. वर्गणीदाराला नोटेसारखी दिसणारी छापील पावती मिळे. १९२१ च्या जूनअखेरपर्यंत टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये जमवायचे होते आणि त्यासाठीही हीच मुंबई झटत होती. एकाच गल्लीत दोन झोळ्या फिरत होत्या आणि पुष्कळ लोक दोन्हींत टाकत होते.

आणि मग न सांगितला जाणारा भाग येतो. फंडाच्या हिशेबाविषयी कुजबुज वाढली, चौकशी झाली आणि १९२३ मध्ये उघड झाले की सुमारे सोळा लाख रुपये छोटानी शेटजींच्या धंद्यात गुंतलेले आहेत. रोख परत करणे त्यांना शक्य झाले नाही. त्यांनी आपल्या लाकूड कापण्याच्या गिरण्या कमिटीच्या स्वाधीन केल्या. ज्या माणसाने चळवळीला स्वतःचाही भरपूर पैसा आणि वेळ दिला, त्याच्याच हातून हे घडले. आम्ही त्यांना चोर म्हणणार नाही. पैसा कमिटीचा कुठे संपतो आणि पेढीचा कुठे सुरू होतो, ही रेघ कुणी आखलीच नव्हती. अध्यक्षांवर विश्वास होता, म्हणून वहीची गरज वाटली नाही. परंतु ज्या बाईने बांगडी काढून दिली होती तिला या खुलाशाचा काय उपयोग? चळवळीची पत गेली, पुढच्या झोळीत हात आखडू लागले.

एका बँकेची गोष्ट

जी रक्कम समुद्रापार पोहोचली, तिचेही पुढे वेगळेच झाले. हिंदुस्थानातून मुस्तफा कमाल यांच्या नावे पाठवलेल्या पैशाचा मोठा भाग स्वातंत्र्ययुद्धाच्या कामी आला. युद्ध जिंकले गेले. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफतच रद्द केली. ज्या संस्थेच्या नावाने येथे झोळी फिरली होती, ती संस्थाच उरली नाही. त्याच वर्षी २६ ऑगस्ट रोजी तुर्कस्तानात इश बँक स्थापन झाली. तिच्या भांडवलासाठी मुस्तफा कमाल यांनी दिलेले अडीच लाख लिरा हे हिंदी मुसलमानांनी पाठवलेल्या पैशातले, असे मानले जाते. आज ती तिथल्या सर्वांत मोठ्या खाजगी बँकांपैकी एक आहे.

ही फसवणूक म्हणायची का? आम्ही बरेच दिवस याचा विचार केला. उद्‌ध्वस्त देशाला उभे राहायला बँक लागतेच, त्यामुळे पैसा वाया गेला असे म्हणता येत नाही. परंतु देणाऱ्याची नियत एक आणि खर्च दुसरा, आणि मधल्या बदलाची खबर देणाऱ्याला कुणी दिली नाही, हेही खरे. मदरशासाठी घेतलेला पैसा मशिदीच्या फरशीला लागला तर आपण मुतवल्लींना जाब विचारतो. अंतर वाढले म्हणून हा नियम बदलत नाही.

वही आणि विश्वास

लांबच्या माणसाला मदत करावी की जवळच्या, हा वाद आपल्या मोहल्ल्यांत दर रमजानला होतो. फिकहने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. आपल्या वस्तीचा गरीब जकातीचा पहिला हकदार. हनफी उलमा गरज मोठी असेल किंवा नातलग असतील तर रक्कम दुसऱ्या गावी पाठवण्याची सवलत देतात, शाफई उलमा याबाबत अधिक कडक आहेत. नफिल सदक्याला मात्र कुठलीच हद्द नाही. म्हणजे जकात आणि फितरा आधी शेजारी, आणि त्यापलीकडे मन जेवढे मोठे तेवढा सदका दूरवर. ज्या मुलांनी तुर्कस्तानसाठी खाऊचे पैसे दिले, तीच मुले शेजारच्या विधवेच्या घरी इफ्तारीचे ताट नेतात. लांबचा आणि जवळचा हे भांडण आम्हांला तरी देणाऱ्या हातांत दिसलेले नाही. ते बहुधा न देणाऱ्यांच्या जिभेवर असते.

आमचे दुखणे दुसरे आहे. आपल्या समाजात देणारे कधीच कमी पडले नाहीत. १९१२ मध्ये नाही, १९२१ मध्ये नाही, २०२३ मध्येही नाही. कमी पडते ती वही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यांत जकात वसूल करणाऱ्या कामगारांचाही हिस्सा आहे. म्हणजे गोळा करणे हे जबाबदारीचे, मोबदल्याचे काम आहे, हौसेचे नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत तर देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण मात्र "अल्लाहवर सोडा" म्हणून वही मिटतो. हिशेब मागणाऱ्याला शंकेखोर ठरवतो. छोटानींच्या काळात असेच झाले असणार. पहिल्यांदा विचारणाऱ्याला कुणीतरी गप्प बसवले असणार.

आम्ही त्या मुलाला गप्प बसवले नाही. संस्थेला पत्र लिहिले, उत्तर येईना म्हणून दुसरे लिहिले. अखेर आलेल्या उत्तरात एकूण रक्कम, पाठवलेल्या कांबळी आणि तंबूंची संख्या आणि तारीख होती. आमच्या डब्याचे पैसे त्यांत कुठे आहेत हे कळायला मार्ग नव्हता, परंतु मुलांना तेवढे पुरले. तो कागद आम्ही पावतीच्या शेजारी चिकटवला. पुढच्या रमजानला डबा पुन्हा ठेवला, तेव्हा त्याच मुलाने शेजारी एक वही आणून ठेवली. पहिल्या पानावर त्याने उर्दूत तारीख घातली आणि खाली दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'आले', दुसऱ्यावर 'पोहोचले'.