ढगांत नेलेली कांच

जॉन एट्‌किन (1839–1919) हा स्कॉटलंडांतील फॉल्कर्कचा रहिवासी. शिक्षणानें तो आगबोटींच्या यंत्रांचा इंजिनिअर. परंतु प्रकृतीनें साथ न दिल्यामुळें तो व्यवसाय सोडून त्यानें घरींच प्रयोगशाळा थाटली. हवेच्या शास्त्राचा यांत फायदाच झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नेहमींच्या हवेंत धूलिकणांचा आधार असल्यावांचून वाफेचा थेंब बनत नाहीं, हें त्यानें 1880 सालीं प्रतिपादिलें, आणि 1888 पर्यंत ते कण मोजण्याचें यंत्रही तयार केलें. ओलसर हवा पंपानें एकदम विरळ केली कीं ती थंड होते व प्रत्येक कणाभोंवतीं थेंब जमतो. हे थेंब रेघा आंखलेल्या रुपेरी पत्र्यावर पडले, कीं भिंगांतून मोजावयाचे. 1889 सालीं पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर एकाच दिवशीं घन सेंटिमीटरमागें 226 पासून 1,04,000 पर्यंत आंकडे आले. वारा शहराकडून आला कीं कण वाढत.

परंतु ढग म्हणजे केवळ धूळ नव्हे. त्यांतील पाणी कसें मोजावें? यासाठीं त्यानें दुसरें साधन केलें. बारीक चौकोन आंखलेली कांच आणि तिच्यावर रोखलेलें सूक्ष्मदर्शक. ठराविक वेळांत कांचेवर किती थेंब पडले, तें मोजावयाचें, इतकेंच. तें घेऊन 1891 सालीं तो स्वित्झर्लंडांत रिगी पर्वताच्या शिखरावर गेला. उंची सुमारें 5,900 फूट. दांतेरी रुळांची आगगाडी तेथें पूर्वींच झालेली, त्यामुळें नाजूक प्रकृतीच्या माणसासही ढगांत जाऊन बसणें शक्य होतें.

शिखर ढगांत बुडालें कीं निरीक्षण सुरू होई. भोंवतालचीं बांकें व दगड कोरडे, आणि कांचेवर मात्र थेंबांमागून थेंब! डोळ्यांना किंवा हातांना न कळणारा पाऊस तेथें चालू होता. यंत्र चुकतें कीं बांकें? एट्‌किननें उत्तर शोधलें तें असें: सूर्याची उष्णता ढगांतून पार होऊन जमीन व लांकूड यांना तापविते, आणि त्यांवर पडलेला सूक्ष्म थेंब तत्काळ सुकून जातो. बांकांच्या साक्षीवर विसंबला असता, तर ढगांतील हवा कोरडी आहे असाच निकाल त्यास द्यावा लागला असता.

यावरून त्यानें आणखी एक निष्कर्ष काढला. ढग बनला कीं त्याच क्षणीं त्यांतून पाऊस पडूं लागतो. थेंब अगदीं लहान असल्यामुळें खालच्या कोरड्या हवेंत शिरतांच त्यांची पुन्हां वाफ होते. किती खोल उतरतील, तें त्यांच्या आकारावर व त्या हवेच्या कोरडेपणावर अवलंबून. खालून पाहणाऱ्याला मात्र ढग नुसता तरंगतांना दिसतो.