फ्रेंच क्रियापद आणि अनुच्चारित अक्षर

फ्रेंच छंदोरचनेचा पाया अक्षरसंख्या हा आहे. परंतु अक्षर कशाला म्हणावे, हा निर्णय अभिजात काळात केवळ कानावर सोपविलेला नव्हता. सहाव्या अक्षरानंतर यती असलेल्या बारा अक्षरी ‘आलेक्सांद्रँ’ वृत्तात क्रियापदांची फोड कशी होते, हे पाहिले म्हणजे त्याची साक्ष पटते.

‘बोलणे’ या क्रियापदाची तृतीयपुरुषी वर्तमानकाळी रूपे, एकवचनी व अनेकवचनी, उच्चारात एकच आहेत: ‘पार्ल’. अनेकवचनाचा प्रत्यय लिहिला जातो, सामान्यतः ऐकू येत नाही. पुढे ‘आ’सारखा स्वरारंभी शब्द आला की पद्यात भेद प्रकटतो. एकवचनी रूपातला मूक स्वर लोपून ‘पार-ला’ अशी दोन अक्षरे होतात. अनेकवचनात लिखित ‘त’ लोपाच्या आड येतो आणि ‘पार-ल-ता’ अशी तीन मोजावी लागतात. बोलीने पुसून टाकलेले वचन वृत्ताने जपले, असेच म्हणावे लागेल. (अभंगात ‘घर’ची दोन अक्षरे मोजणाऱ्या मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये.)

मालेर्बच्या (१५५५–१६२८) पिढीपासून हे नियम कठोर झाले. ‘प्रार्थना करणे’ या क्रियापदाचे अनेकवचनी ‘प्री’ हे रूप ओळीच्या मध्यभागी निषिद्ध ठरले, कारण तेथे मूक स्वर मोजणेही अवघड आणि सोडणेही अवघड. मात्र अपूर्ण भूतकाळाचे ‘पार्ले’ हे अनेकवचन या निषेधातून वगळून दोनच अक्षरांचे मानले गेले. या अपवादाला ध्वनिशास्त्रीय आधार शोधण्यापेक्षा व्यवहार पाहावा: तो नसता, तर कथनाचा हा काळ अनेकवचनात ओळीच्या आत वापरताच आला नसता. याच प्रत्ययाचे जुने ‘ओ’युक्त लेखन बदलून ‘आ’युक्त करावे, असा व्होल्तेरचा आग्रह होता, अकादमीच्या कोशाने तो १८३५ साली मान्य केला. उच्चार त्यापूर्वीच बदललेला होता.

या नियमांना निव्वळ कृत्रिम म्हणणारी टीका पॅरिसचा उच्चार हाच फ्रेंच उच्चार असे गृहीत धरते. दक्षिणेत, तुलूझ-मार्सेयच्या परिसरात, अनेक मूक स्वर आजही स्पष्ट ऐकू येतात. आपोलिनेरच्या ‘आल्कूल’मध्ये (१९१३) तर मूक स्वर गाळला तरच बारा अक्षरे भरतात, अशा ओळी आहेत, तो कोठे गाळायचा, हे मात्र वाचणाऱ्याला ठरवावे लागते.