गॉडबर पळाला आणि हाँगकाँग पेटून उठलं

आजची गोष्ट हाँगकाँगची आहे, पण ऐकताना बरंच काही ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे ‘चहापाणी’ म्हणतात ना, तसाच शब्द तिथेही होता, ‘चहाचे पैसे’. काळ १९६० ते ७० च्या आसपासचा. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. सरकारी दवाखान्यात पेशंटला ग्लासभर पाणी हवं असेल तरी आयाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागायचं. फेरीवाले आणि जुगाराचे अड्डे यांच्याकडून पोलिसांचा हप्ता ठरलेला. पोलिसांत त्याला ‘बस’ म्हणायचे. बसमध्ये चढा, म्हणजे वाटा घ्या. चढायचं नसेल तर बाजूने धावा, म्हणजे गप्प राहा. पण बससमोर उभं राहू नका, चिरडले जाल.

मग याची तक्रार करायची कुठे? तर पोलिसांकडेच! लाचलुचपतीचा तपास करणारं ऑफिस पोलीस खात्याच्या आतच होतं. आता विचार करा, तुम्ही त्या ऑफिसात अधिकारी आहात. आज ज्याची चौकशी करताय, तो उद्या तुमचा साहेब होऊ शकतो. आणि तक्रार करणाऱ्याला तर परत त्याच चौकीसमोर दुकान मांडायचंय.

एप्रिल १९७३ मध्ये पोलीस आयुक्तांना एक खबर लागली. पीटर गॉडबर नावाचा चीफ सुपरिंटेंडंट परदेशात पैसे पाठवतोय. खात्याच्या माणसांनी तपास केला, आणि खरं सांगायचं तर चांगला केला. गॉडबरकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त मालमत्ता सापडली. त्याच्या आख्ख्या नोकरीच्या पगारात एवढं जमणं शक्यच नव्हतं.

पण कायद्याप्रमाणे त्याला आधी नोटीस द्यायची होती. जूनच्या सुरुवातीला नोटीस दिली, खुलाशासाठी आठवड्याची मुदत दिली. ८ जूनला साहेबांनी खिशातला विमानतळाचा पोलीस पास दाखवला, इमिग्रेशन चुकवलं आणि सिंगापूरमार्गे थेट इंग्लंड गाठलं!

लोक भडकले. ‘भ्रष्टाचाराशी लढा, गॉडबरला पकडा’ अशा घोषणा देत तरुण रस्त्यावर उतरले. न्यायमूर्ती ब्लेअर-केर यांनी चौकशी केली. मुद्दा अगदी साधा होता. पोलिसांची चौकशी पोलिसांच्याच हातात आहे तोवर लोक विश्वास ठेवणार नाहीत. गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी ते मान्य केलं. १५ फेब्रुवारी १९७४ ला ‘आयसीएसी’ ही वेगळी संस्था सुरू झाली. ती पोलीस खात्याच्या बाहेर होती आणि तिचा प्रमुख थेट गव्हर्नरला उत्तरदायी होता.

गॉडबरला परत आणणं सोपं नव्हतं. पगारापेक्षा जास्त मालमत्ता बाळगणं हा इंग्लंडमध्ये गुन्हाच नव्हता. शेवटी तुरुंगात असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यानेच साक्ष दिली, की बढतीच्या जागेसाठी गॉडबरने २५,००० डॉलर घेतले होते. जानेवारी १९७५ मध्ये त्याला परत आणलं. शिक्षा झाली चार वर्षं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण आयसीएसीने पोलिसांच्या टोळ्यांमागे टोळ्या उघड्या पाडायला सुरुवात केली, आणि २८ ऑक्टोबर १९७७ ला हजारो पोलीसच मोर्चा घेऊन निघाले! काही जण तर आयसीएसीच्या ऑफिसात घुसले आणि तिथल्या लोकांना मारलं. आता सगळं पोलीस दलच हातातून गेलं तर? गव्हर्नर नमले. १९७७ च्या आधीचे गुन्हे, काही अपवाद सोडून, माफ केले.

हे चुकलं का? ज्यांनी जीव मुठीत धरून तक्रारी केल्या, त्यांच्यासाठी तो नक्कीच विश्वासघात होता. पण जुनं माफ झालं तरी आयसीएसी बंद झाली नाही. नव्या गुन्ह्यांना माफी नव्हती, आणि हळूहळू ती ‘बस’ थांबली.

आपल्याकडे लाच मागितली तर १०६४ वर फोन करता येतो, हे लक्षात ठेवा. पण महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात अधिकारी येतात ते पोलीस दलातूनच, आणि विभाग आहे गृह खात्याखाली. ते काम करत नाहीत असं अजिबात नाही, सापळ्यात पोलीसही अडकतात. तरी हाँगकाँगने ५० वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न उरतोच. उद्या मोठा साहेबच समोर असेल, तर तपास करणाऱ्याची पुढची बदली कोणाच्या हातात असेल?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!